सिस्तेमारे, आणि पाचव्या रांगेतली आई

१ सप्टेंबर, सोमवार

नवी वही. जुनी अर्धीच भरली होती, पण नव्या कामाला नवी वही बरी. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता शिस्त हवी. रोज सकाळी दोन तास लेखन, मग चालणं. वाइन फक्त जेवणाबरोबर.

सकाळी फियोरेन्झाबाईंचा फोन. पूर्वी त्यांचं औषधांचं दुकान होतं, आता गावातलं ज्येष्ठांचं विद्यापीठ चालवतात. २९ ऑक्टोबरला तासाभराचं व्याख्यान द्याल का, विषय तुमच्या आवडीचा, म्हणाल्या. मी लगेच सांगितलं, एक क्रियापद. सिस्तेमारे. त्यांनी विचारलं, अख्खा तास एका क्रियापदावर? मी म्हणालो, बाई, तासाभरात बसवायचं कसं हीच पंचाईत आहे.

खरंच आहे. उशी नीट केली, सिस्तेमारे. नळ दुरुस्त केला, सिस्तेमारे. पोराला नोकरीला चिकटवलं, पोरीचं लग्न लावलं, भांडण मिटवलं, पाहुण्याच्या झोपण्याची सोय केली, शेजाऱ्याला अद्दल घडवली, सगळीकडे तेच. इटलीत हा शब्द न वापरता माणसाचा एक दिवस जात नाही आणि आमच्या गावात आजवर कुणी त्याकडे लक्ष दिलेलं नाही. मी देणार. एकूण अकरा अर्थ काढायचे ठरवले आहेत. सध्या सात सापडलेत.

दुपारी रजिस्टर पत्र. नगरपालिका, दफनभूमी विभाग. दफनभूमीच्या भिंतीत आईची शवपेटी ज्या कोनाड्यात आहे त्याची तीस वर्षांची मुदत मार्चमध्ये संपली. ३० सप्टेंबरच्या आत मुलांनी सह्यांचा अर्ज द्यावा आणि अस्थी कुठे ठेवायच्या ते कळवावं. न कळवल्यास त्या सामाईक अस्थिकूपात जातील. पत्रावर ठळक अक्षरांत 'अंतिम सूचना'.

हसू आलं. छत्तीस वर्षं याच पालिकेत कारकुनी केली. असली पत्रं मीच टाइप करायचो. अंतिम सूचना तीनदा जाते. ही पहिली अंतिम सूचना आहे.

काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. बाबा खालच्या रांगेत, छोट्या कोनाड्यात आहेत. तिथे अस्थींची आणखी एक पेटी मावते. आईने स्वतःच सांगून ठेवलंय, मला त्यांच्याजवळ ठेवा. चिडका माणूस, पण सवयीचा, म्हणायची. मी तिला शब्द दिलाय. या आठवड्यात उरकून टाकतो.

३ सप्टेंबर, बुधवार

लेखन सुरू. आठवा अर्थ सापडला, हा ऑफिसातला. आमच्याकडे एखादी फाइल 'सिस्तेमारे झाली' म्हणजे ती माझ्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर गेली. श्रोते इथे हसतील. हसण्यासाठी वीस सेकंद राखून ठेवले आहेत.

दुपारी छातीत काहीतरी अडकल्यासारखं. कालच्या भरल्या मिरच्या असाव्यात.

७ सप्टेंबर, रविवार

दफनभूमीत जाऊन आलो. आई पाचव्या रांगेत, सगळ्यात वर. तिच्या फोटोच्या अगदी खाली संगमरवरावर पिवळा स्टिकर. 'नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.' येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसेल असा. फार लाज वाटली. आयुष्यभर तिने कुणाचं काही बाकी ठेवलं नाही.

चाकांची शिडी ओढत आणली. तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं की शिडीचं चाक धड नाही, म्हणून उतरलो. तिथला रखवालदार वॉल्टर म्हणाला, साहेब, चाकं परवाच बदललीत. मी म्हणालो, मग बोल्ट ढिला असेल. छत्रीच्या टोकाने स्टिकर खरवडला, अर्धा निघाला. आता फक्त 'नातेवाइकांनी' एवढंच राहिलंय. वॉल्टर म्हणाला, साहेब, तो काढायचा नसतो हो, लोकांना कळावं म्हणूनच लावतात. मी त्याला ऐकवलं, बाबा रे, हे स्टिकर लावायची कल्पना कुणाची, ठाऊक आहे? माझी. २००३ सालची. त्याने माझ्याकडे पाहिलं, आईच्या फोटोकडे पाहिलं आणि झारी उचलून निघून गेला.

संध्याकाळी सातला नेहमीप्रमाणे नीवेसचा फोन. नीवेस माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते. नवरा वारला, खुबा कामातून गेलाय, काठी घेऊन चालते. आईच्या कोनाड्याचं पत्र तिलाही आलंय. म्हणाली, मी जाऊ का ऑफिसात? मी म्हणालो, तू कशाला तडफडत जातेस, मी पालिकेतला माणूस, ते माझ्यावर सोड. ती म्हणाली, बाबांच्या वेळीही हेच म्हणाला होतास.

बाबांच्या वेळी मी गाडी सांभाळत होतो. पेटीत अस्थी भरताना कुणीतरी एकाने गाडीपाशी थांबायला हवं होतं. हे तिला सोळा वर्षांत समजलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दफनभूमीची खिडकी फक्त मंगळवार आणि गुरुवारी उघडते, नऊ ते बारा. माझी लेखनाची वेळ नेमकी तीच. दुसऱ्याच आठवड्यात शिस्त मोडली तर पुढे काय राहणार? गुरुवारी.

११ सप्टेंबर, गुरुवार

गेलो. नंबराचं कूपन घेतलं, चोवीस. आमच्या वेळी कूपन नव्हतं, लोक आपापसांत ठरवायचे कोण कुणाच्या मागे ते आणि भांडायचे. जिवंतपणा होता.

खिडकीवर जेसिका नावाची पोरगी. तिशीची असेल. मी नुसता उभा राहिलो, म्हटलं ओळखेल. तिने विचारलं, आपलं नाव? मी सांगितलं, ओरेस्ते बासेत्तो. काही फरक पडला नाही. ती बसली होती ती खुर्ची माझी. उजव्या हाताखाली सिगरेटचा डाग आहे, तो माझा.

तिने एका दमात सांगितलं, तुम्हा दोघा भावंडांच्या सह्या लागतील, आणि अस्थी काढायच्या दिवशी दोघांपैकी कुणी एकाने समोर हजर राहायचं. ओळख पटवायला आणि पेटी बंद होताना पाहायला. चालेल ना? मग म्हणाली, ओळखपत्र द्या.

मी म्हणालो, घरी राहिलं. ती म्हणाली, काही हरकत नाही काका, परत या.

ओळखपत्र खिशात होतं. पण इतकी वर्षं ज्या खिडकीत बसलो तिथे मी कोण हे कार्डावरून ठरणार असेल तर मला घाई नाही. काका म्हणाली.

१४ सप्टेंबर, रविवार

नववा अर्थ. हा आईचा. शेजारणी दारात आल्या की ती म्हणायची, नीवेस मार्गी लागली, आमच्या ओरेस्तेचं तेवढं सिस्तेमारे झालं की मी मोकळी. माझ्यासमोर म्हणायची. मी विशीत असल्यापासून. नोकरी लागली तेव्हा वाटलं आता थांबेल, पण तिच्या हिशोबात नोकरी म्हणजे अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे बायको.

जन्म-मृत्यू नोंदणीत ब्रुना होती. तिला विचारायचं ठरवलं होतं, योग्य वेळ पाहत होतो. नऊ वर्षं पाहिली. मग तिने पादोव्हाच्या एका डेंटिस्टशी लग्न केलं आणि त्याची नोंद करायला माझ्याच टेबलाशी आली. मी सुवाच्य अक्षरात केली.

हे व्याख्यानात घ्यायचं नाही. वैयक्तिक आहे.

नीवेसने फोनवर विचारलं, गेलास का. गेलो, काम चालू आहे, म्हणालो. यात एकही शब्द खोटा नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. रबरी बूट सापडले नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बूट सापडले. पाऊस नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळतोय. प्लंबर आला, पाहिलं, म्हणाला, सिस्तेमारे करून टाकू, आणि गेला. याला दहावा अर्थ धरावा का? भविष्यकाळातला सिस्तेमारे. तीन पानं लिहिली. फार बरं लिहून झालं. नळाखाली बादली ठेवली आहे.

छातीतलं ते पुन्हा. आज मिरच्या खाल्ल्या नव्हत्या.

२८ सप्टेंबर, रविवार

नीवेस स्वतः आली. जिने चढायला तिला दहा मिनिटं लागली. येताना नगरपालिकेत आणि खुब्याच्या डॉक्टरांकडे द्यायचे कागद घेऊन आली होती. मी तिला व्याख्यानाची पहिली पाच पानं वाचून दाखवली. ऐकता ऐकता तिने कागद पुढे केले, इथे सही कर, इथेही कर. अपंगांच्या पार्किंगचं वगैरे असणार. मी वाचन न थांबवता सह्या केल्या, शेवटच्या अक्षराला नेहमीचा फराटा मारून. लोकांना जन्मभर सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. पण बहीण म्हणजे काही लोक नव्हेत.

तिने विचारलं, परवा तीस तारीख आहे, लक्षात आहे ना? मी म्हणालो, नीवेस, मी या खात्यात होतो. ती म्हणाली, हो रे बाबा, होतास. आणि काठी घेऊन उठली.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेवटची तारीख. म्हणजे कागदावरची. सकाळी साडेआठला तयार होऊन बसलो, टाय लावून. मग विचार केला, आज तिथे सगळा गाव लोटला असेल, जे लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात ते. त्या लोकांत उभं राहणं मला जमणार नाही. टाय काढला.

आमच्या वेळी मुदतीनंतर दोन महिने सहज चालायचे. शिवाय २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी कुठलीही पालिका कोनाडे उघडत नाही. सगळीकडे शेवंतीची फुलं घेतलेले लोक फिरत असतात, तिथे हातोडे कोण चालवणार. हे आतलं ज्ञान आहे, जेसिकाला नसेल.

५ ऑक्टोबर, रविवार

नीवेस म्हणाली, झालं का? मी म्हणालो, फक्त तारीख ठरायची आहे. ती म्हणाली, बरं. तिचा 'बरं' मला कधीच आवडलेला नाही.

स्वप्नात आई आली होती. माझ्या कपाटात मोजे घड्या करून ठेवत होती. मी म्हणत होतो, आई, राहू दे, मी करतो. ती करत राहिली. उठल्यावर बराच वेळ पलंगावर बसून होतो. रडू आलं, ते का ते कळलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

नीवेसने फोनवर विचारलं, आईचा तुला कुठला फोटो आवडतो? मी म्हणालो, अल्बम लावतेस वाटतं. ती म्हणाली, हो, तसंच. मी सांगितलं, एप्रन घातलेला, लसूण सोलताना कुणाकडे तरी बघून हसतेय तो. दगडावरचा पासपोर्टाचा आहे, त्यात ती पोलिसाकडे पाहिल्यासारखी पाहते. नीवेस म्हणाली, मलाही तोच वाटला होता.

बऱ्याच दिवसांनी आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दाट धुकं. ऑफिसला निघालो होतो, चौकापर्यंत गेलो, समोरचं काही दिसेना, परत फिरलो. या वयात पडलो तर व्याख्यानाचं काय? वाटेत बारमध्ये एक पेला पांढरी वाइन, थंडीसाठी. जेवणाबरोबर हा नियम थोडा सैल करावा लागेल.

आठपासून नीवेसला फोन लावत होतो, धुक्यात बाहेर पडू नकोस सांगायला. उचलला नाही. बाराला उचलला. आवाज बसलेला. म्हणाली, खुब्याच्या व्यायामाला गेले होते. सर्दी झालेली दिसते. मी तिला मध आणि गरम दूध सांगितलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज फोन उचलल्या उचलल्या नीवेसने तेच विचारलं. ओरेस्ते, आईचं काय झालं? तिचा आवाज अजून बसलेला. आजारी बाईला किती दिवस टांगणीला लावायचं? येत्या मंगळवारी मी जाणारच आहे, हे पक्कं. तेव्हा दोन-चार दिवस आधी सांगितलं तर त्याला खोटं म्हणत नाहीत. मी म्हणालो, झालं. सगळं मार्गी लागलं. आई बाबांजवळ आहे.

मग तिने विचारलं, तू होतास समोर? मी म्हणालो, पूर्ण वेळ. पेटी कशी होती? म्हणालो, जस्ताची, वर लहान क्रूस. कोण होतं? वॉल्टर आणि दोन माणसं, फार अदबीने काम केलं. ऊन पडलं होतं. बोलायला लागल्यावर मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं. तिने विचारलं, आईच्या हातातली जपमाळ होती का रे? मी म्हणालो, होती, जशीच्या तशी, एक मणी इकडचा तिकडे झाला नव्हता. तिच्याबरोबरच ठेवली.

नीवेस रडली नाही. छान झालं, म्हणाली, आता झोप नीट.

तिच्या मनावरचं ओझं उतरवलं याचं समाधान आहे. पण जेवण गेलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

साडेनऊला ऑफिसात. ओळखपत्र हातात धरून. नंबर एकतीस, चालू होता बावीस. बाकावर बसलो. समोरच्या बाईच्या मांडीवर तिच्या नवऱ्याची फाइल होती आणि ती शेजारणीला सांगत होती, तीस वर्षं झाली तरी सूट ओळखता आला हो, मीच शिवला होता. मला घाम फुटला. तिथे हीटर फार लावतात. बाहेर हवा खायला आलो तो घरीच आलो.

एक ठरवलं. आधी व्याख्यान, मग आई. एका वेळी एकच काम नीट होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे. फुकटचा एक तास मिळाला. व्याख्यानाचं लेखन पूर्ण. अकरा अर्थ, सदतीस पानं.

नीवेसने आईचा विषय काढला नाही. मीही नाही. दहा मिनिटं आम्ही भोपळ्यांबद्दल बोललो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

व्याख्यान झालं.

उपस्थिती नऊ. त्यातले दोन पुढच्या ब्रिज खेळासाठी लवकर आले होते. नीवेस पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांत धरून. फियोरेन्झाबाईंनी माझी ओळख करून दिली, शब्दांचे जुने चाहते.

मी अर्थ पहिला सुरू केला. नीट ठेवणे, जागच्या जागी करणे. उदाहरण, उशी. 'उशी' म्हणालो आणि परिणाम साधावा म्हणून थांबलो. थांबणं ठरल्यापेक्षा लांबलं. फियोरेन्झाबाई नंतर म्हणाल्या चार मिनिटं, मला तितकं वाटलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं. एकाने खिडकी उघडली. दुसऱ्या अर्थापर्यंत जाणं झालं नाही. बाई म्हणाल्या, प्रकृती सांभाळा, वसंतात पुन्हा ठेवू. ब्रिजवाले लगेच टेबलं लावायला उठले.

झालं ते असं. हॉस्पिटलात, शेवटच्या दुपारी, आई मला म्हणाली होती, ओरेस्ते, उशी जरा सिस्तेमारे कर. मानेखाली घसरली होती. इतकंच काम. हात लावायची भीती वाटली, ती फार लहान झाली होती. मी म्हणालो, थांब, नर्सला बोलावतो, त्यांना बरोबर जमतं. कॉरिडॉरमध्ये नर्स शोधत फिरलो. परत आलो तेव्हा उशी तशीच होती आणि आई नव्हती.

हे सदतीस पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. ऐन वेळी कुठून आठवलं माहीत नाही.

नीवेस दारापाशी थांबली होती. एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने तिने माझी कॉलर सरळ केली, टायची गाठ मध्यावर आणली.

१ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या संतांचा सण. आराम. घसा दुखतोय. उद्या मृतांचा दिवस, उद्या आईकडे जायचं, आणि मंगळवारी ऑफिस. मंगळवारी काहीही झालं तरी. पांढरी शेवंती घेतली, मोठी कुंडी.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला गेलो. दारात गाड्याच गाड्या, सगळा गाव. पाचव्या रांगेपाशी गेलो आणि वर पाहिलं. आईचा दगड नव्हता. फोटो नव्हता, नाव नव्हतं. चौकोनी भोक, त्यावर सिमेंटची कोरी फळी. 'नातेवाइकांनी' सुद्धा नाही.

कुंडी हातातच होती. सामाईक अस्थिकूपात टाकलं तिला, हे एवढंच डोक्यात. अनोळखी लोकांत. मी शब्द दिला होता. मागे कुणाच्या तरी कुंडीला अडखळलो, लोक बघायला लागले, कुणीतरी विचारलं, बरं वाटतंय ना?

वॉल्टर धावत आला. म्हणाला, साहेब, वर काय बघताय? आई खाली आहेत ना, वडिलांपाशी. चौदा तारखेलाच झालं सगळं. तुम्हाला माहीत नाही?

मी म्हणालो, माहीत आहे, माहीत आहे. जुनी जागा बघत होतो.

तो मला धरून खाली घेऊन गेला. बाबांच्या छोट्या दगडावर आता दोन नावं आहेत, ग्वेरिनो आणि एल्व्हिरा. तिचा फोटो नवा. एप्रन घातलेला, लसूण सोलताना हसतेय तो. पुढे शेवंती, ताजी, पाणी घातलेली.

वॉल्टर आपणहून सांगत होता. तुमच्या ताई कमाल आहेत हो. त्या दिवशी हे एवढं धुकं. टॅक्सीने आल्या, सकाळी आठला. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, पूर्ण वेळ काठीवर उभ्या. जपमाळेचा दोरा कुजून गेला होता, मणी सगळे विखुरलेले. आम्ही म्हटलं, राहू द्या. नाही म्हणाल्या. एकेक मणी वेचला, अर्धा तास लागला, रुमालात बांधून घरी नेले. ओवून आणते म्हणाल्या. मग मला म्हणाला, तुमच्या सहीमुळे काम अडलं नाही, साहेब. लोकांची भावंडं सहीच करत नाहीत.

माझी सही. फराटा मारलेली. २८ सप्टेंबर, स्वयंपाकघराचं टेबल, पान पाच.

म्हणजे मी तिला जपमाळेचं सांगत होतो तेव्हा मणी तिच्या घरी रुमालात होते. ऊन पडलं होतं, असंही मी म्हणालो होतो. ती ऐकत राहिली, आणि म्हणाली, आता झोप नीट.

कुंडी नीवेसच्या कुंडीशेजारी ठेवली. जागा पुरेना, मग बाजूच्या कुणा अनोळखी माणसापुढे ठेवली. बराच वेळ उभा होतो.

बाबांच्या वेळी मी गाडी सांभाळत नव्हतो. पंधरा वर्षांची जुनी पांडा गाडी होती, दार नीट लागायचं नाही, ती कोण नेणार. सरूच्या झाडामागे उभा राहून ओकत होतो. तेव्हाही आत नीवेसच उभी होती. हे मी सोळा वर्षं दुसऱ्या तऱ्हेने लिहीत आलोय, वहीतसुद्धा, जी माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मी भित्रा माणूस आहे. तिला ते कधीपासून ठाऊक आहे कोण जाणे.

सातला फोन वाजला. बराच वेळ वाजू दिला, मग उचलला. नीवेसने विचारलं, जेवलास का? मी हो म्हणालो. मग म्हणालो, नाही, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ती म्हणाली, मग ये इकडे, घेवड्याचं सूप केलंय, दोघांना पुरेल. दुसरं काही विचारलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ब्रेड संपलाय, येताना घेऊन ये.

आज रविवार. गावातल्या दोन्ही बेकऱ्या कालपासून बंद आहेत. मी म्हणालो, आणतो, ते माझ्यावर सोड.